पाणी नितळ, पण नायट्रेट दुप्पट!

मामाच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी परवा तपासलं. मे महिन्यात नायट्रेट लिटरला 30 मिलिग्रॅम होतं, आता ऑक्टोबरात 62! मामा म्हणाला, “अरे, तळ दिसतोय की!”

नायट्रेटला रंग नसतो, वासही नसतो.

युरियातल्या आणि उकिरड्यातल्या नायट्रोजनचं मातीत नायट्रेट बनतं आणि साठून राहतं. पावसात ते विरघळतं आणि मुरमातून खाली झिरपतं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांच्या वाटेनं फिरतं, म्हणून शेजारच्या दोन विहिरींचे अहवालही वेगळे येतात.

पिण्याच्या पाण्यात मर्यादा 45 मिलिग्रॅमची. उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना असं पाणी देऊच नका.

विहीर वर्षातून दोनदा तपासा: पावसाळ्याआधी आणि नंतर.