मूषकप्रयोगांतील शोथहर चिकित्सा आणि इन्फ्लुएन्झाजन्य फुप्फुसशोथ

ऑगस्ट २००९ मध्ये पुणे येथे स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू झाला. तेव्हापासून या व्याधीच्या भयाने चिकित्सालयात येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा रुग्णांसाठी एखादे द्रव्य सुचविताना 'उंदरांवरील प्रयोगांत शोथहर ठरलेले' असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. या विधानाचे मोल किती, याचा विचार आपण येथे करू.

तीव्र इन्फ्लुएन्झात दोन प्रक्रिया एकाच वेळी चालतात. विषाणू श्वसनमार्गाच्या अंतःस्तरातील पेशींचा नाश करतो. त्याच्या प्रतिकारार्थ शरीर सायटोकाइन द्रव्ये स्रवते व श्वेतपेशी फुप्फुसात धाव घेतात. हा प्रतिकार अमर्याद झाल्यास वायुकोशांत द्रव साचून प्राणवायूचे ग्रहण खुंटते. यास्तव शोथाचे शमन करावे, ही कल्पना सयुक्तिक वाटते. तथापि प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एच५एन१ विषाणूने बाधित उंदरांना स्टिरॉइड देऊनही ते वाचले नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात, रक्तातील मेद कमी करणारे जेमफिब्रोझिल हे औषध एच२एन२ विषाणूच्या बाधेनंतर चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत दिले असता, जगणाऱ्या उंदरांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ५२ टक्के झाले. हाँगकाँग येथील २००८ सालचा प्रयोग विशेष बोधप्रद आहे. एच५एन१ची बाधा होऊन ४८ तास लोटल्यावर केवळ झानामिविर हे विषाणुरोधक दिलेल्या उंदरांपैकी सुमारे १३ टक्के जगले. त्याच्या जोडीला सेलेकॉक्सिब व मेसॅलॅझिन ही शोथहर औषधे दिली असता सुमारे ५३ टक्के जगले. येथे शोथहर औषधे विषाणुरोधकाच्या जोडीला होती, त्याच्या जागी नव्हती, हे ध्यानी घ्यावे.

उंदीर व मनुष्य यांतील भेदही मोठा आहे. इन्फ्लुएन्झाने उंदरास बहुधा ज्वर येत नाही, उलट त्याचे तापमान उतरते. प्रयोगात बाधेचा क्षण ठाऊक असतो. आपला रुग्ण मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी मधुमेह वा दमा घेऊन येतो. मात्रेचे गणितही निराळे आहे. उंदरास दर किलो वजनामागे दिलेली मात्रा मनुष्यासाठी साधारणतः बाराने भागावी लागते.

माणसांतील अनुभवही सावध करणारा आहे. प्राणवायूची गरज असलेल्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू घटतात, हे २०२० साली दिसले. परंतु तीव्र इन्फ्लुएन्झात स्टिरॉइड देऊ नये, असाच कल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात आहे.

सामावस्थेत वर्ज्य ते निरामावस्थेत ग्राह्य ठरते, हा अवस्थाविचार आपणास नवा नाही. तोच विवेक येथेही लागू करावा. श्वासकष्ट, ओठांची निळसर छटा, भ्रम, किंवा उतरलेला ज्वर पुन्हा चढणे, यांपैकी एक लक्षण दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. गर्भिणी, वृद्ध, बालके व जीर्ण व्याधींचे रुग्ण यांच्या बाबतीत विषाणुरोधक उपचाराचा निर्णय पहिल्या ४८ तासांत व्हावा, यासाठी आपणच आग्रह धरावा. औषधी विक्रेत्या बंधूंनी गुळवेल, हळद वा ज्येष्ठमध यांच्या कल्पांची विक्री करताना, मूषकप्रयोगांच्या आधारे इन्फ्लुएन्झा बरा होण्याची हमी देऊ नये. उंदरांतील यश हा संशोधनाचा आरंभ होय; रुग्णाच्या हाती गेलेल्या एखाद्या चुकीच्या आश्वासनाने मात्र त्याचे मोलाचे दोन दिवस वाया जाऊ शकतात.