जुन्या अमिगाचें मुकें बटण

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे तत्काळ दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, “द्या भंगारांत आणि नवी आणा.” दुसरा म्हणतो, “अहो, अगोदर उघडून तर पहा!” आमच्या घरीं हा वाद अलीकडे ज्या वस्तूवरून माजला, ती म्हणजे कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा घरगुती संगणक. हें यंत्र १९८७ सालीं बाजारांत आलें आणि इंग्लंड व जर्मनी या देशांत त्याचा फार मोठा प्रसार झाला. आमच्या वडील बंधूंनीं १९८९ सालीं इंग्लंडांतून परततांना तें बरोबर आणलें. तिकडची वीज आणि इकडची वीज यांत या यंत्रापुरता तरी कांहीं मोठा भेद नसल्यामुळें तें येथेंहि विनातक्रार चालत असे.

दादांनीं तें हिशेबासाठीं आणलें होतें. परंतु त्याचा खरा उपयोग केला तो आमच्या वहिनींनीं. डॅन सिल्व्हा या गृहस्थांनीं लिहिलेला ‘डिलक्स पेंट’ नांवाचा चित्रकलेचा कार्यक्रम या यंत्रावर फार नांवाजलेला होता. त्यांत एका बाजूस रेघ ओढली असतां तीच रेघ मध्यबिंदूभोंवतीं आपोआप फिरून उमटविण्याची सोय आहे. रांगोळी काढणाऱ्या हाताला याहून अधिक काय हवें? वहिनींनीं दुपारचीं कामें आटोपल्यावर बसून पंधरा फ्लॉप्या भरतील इतक्या रांगोळ्या काढल्या. वहिनी आज नाहींत. त्यांच्या नातीला त्या रांगोळ्या पहावयाच्या होत्या, म्हणून माळ्यावरचें यंत्र खालीं उतरलें.

यंत्र सुरू झालें, हें पाहून आम्हां सर्वांसच आनंद झाला. पण त्या आनंदाच्या भरांत माउस जोडावयाचा राहिला होता, तो नातीच्या धाकट्या भावानें वीज चालू असतांनाच मागच्या पोर्टांत खुपसला. पडद्यावरचा बाण फिरूं लागला, उजवें बटण दाबतांच वरची यादी दिसूं लागली. डावें बटण मात्र मुकें झालें, आणि या यंत्रांत कांहींहि उघडावयाचें म्हणजे डाव्या बटणानेंच. यांत मुलाचा दोष नाहीं. जुन्या यंत्रांच्या बाबतींत ‘आधीं वीज बंद, मग जोडणी’ हा नियम आम्हींच त्यास कधीं सांगितला नव्हता. आजचीं यंत्रें चालूं असतांना काय वाटेल तें काढावें नि घालावें. अमिगाच्या पोर्टांतून निघालेली तार मात्र फारशी आडकाठी न होतां थेट चिपच्या पायापर्यंत जाते, आणि अंगावरच्या स्थिर विजेचा एखादा तडाखाहि तिला पुरतो.

‘पोर्ट बिघडलें’ असें सगळे म्हणूं लागले. परंतु पोर्ट म्हणजे नुसत्या नऊ पिना. त्यांच्यामागें कोण उभें आहे, हें पाहिल्यावांचून निदान व्हावयाचें नाहीं, आणि तेंच या प्रकरणांतील सर्वांत मनोरंजक अंग होय.

जे मायनर व त्यांचे सहकारी यांनीं अमिगाच्या मुख्य चिप्सना अ‍ॅग्नस, डेनिस आणि पॉला अशीं नांवें दिलीं. एका घरांतील तीन जावांप्रमाणें त्यांनीं कामें वांटून घेतलीं आहेत. अ‍ॅग्नसकडे स्मृतीचा कारभार, डेनिसकडे चित्रांचा, पॉलाकडे आवाजाचा. माउसचीं कामेंहि अशींच वांटलेलीं आहेत. माउसच्या पोटांतील रबरी गोळा फिरला कीं दोन लहान खांचेदार चक्रें फिरतात, एक आडव्या गतीचें व एक उभ्या गतीचें. प्रत्येक चक्राच्या खांचांतून प्रकाश दोन ठिकाणीं लुकलुकतो. त्या दोन लुकलुकींपैकीं अगोदर कोणती झाली, यावरून चक्र कोणत्या दिशेस फिरलें तें ठरतें. म्हणजे गतीच्या एकंदर चार तारा झाल्या. पोर्टें दोन, म्हणून तारा आठ. त्या ७४एलएस१५७ ही एक साधी चिप चार-चारच्या पाळीनें डेनिसकडे पोंचविते आणि डेनिस त्या मोजते. उजवें बटण पॉलाकडे जातें. डावें बटण मात्र या तिघींपैकीं कोणाकडेच न जातां ८५२० नांवाच्या चिपकडे जातें.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे लक्षणांवरून रोग ओळखतां येतो. बाण मुळींच हलत नाहीं, परंतु दोन्ही बटणें चालतात, असें असल्यास सातव्या पिनेवरील ५ व्होल्ट पोंचत नाहींत असा संशय घ्यावा. कारण माउसमधील दिव्यांस वीज लागते, बटणांस लागत नाहीं, तीं केवळ तार जमिनीशीं जोडतात. बाण वर-खालीं नीट जातो, पण आडवा जातांना जागच्या जागीं थरथरतो, तर आडव्या गतीच्या दोन तारांपैकीं एक मेली आहे. तीहि बहुधा माउसच्या दोरींत, जेथें ती वारंवार वांकते तेथें, तुटलेली सांपडते. बाण अडखळत चालत असेल तर चिप्सच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं गोळा काढून आंतल्या रुळांवरचा मळ नखानें खरवडावा. निम्मे रोगी एवढ्यानेंच बरे होतात. आणखी एक फसगत म्हणजे परक्या माउसची. अटारी एसटीचा माउस या पोर्टांत चपखल बसतो, पण त्याच्या तारांचा क्रम निराळा असल्यानें बाण भलतीकडेच धांवतो.

आमच्या रोग्याची गति उत्तम होती, उजवें बटण उत्तम होतें. म्हणजे डेनिस, पॉला आणि ५ व्होल्ट हीं सर्व निर्दोष ठरलीं. उरली सहावी पिन. वीज बंद करून, माउस सोडवून, मल्टिमीटरनें त्याच्या सहाव्या व आठव्या छिद्रांमधील जोड पाहिली. डावें बटण दाबतांच मीटर वाजला. माउसहि निर्दोष! मग खोका उघडला, वरचें पत्र्याचें कवच काढलें, आणि पोर्टाच्या सहाव्या पिनेपासून ८५२० च्या आठव्या पायापर्यंत तार अखंड आहे अशी खात्री केली. तार बोलते, पण चिप ऐकत नाहीं, एवढाच अर्थ उरला.

कमोडोर कंपनी १९९४ सालीं बुडाली. तेव्हां ही चिप आतां बनत नाहीं. जुन्या यंत्रांतून काढलेली मिळवावी लागते, आणि तीहि चांगलीच निघेल असा भरंवसा नाहीं. भंगार-पक्षानें येथें पुन्हा उचल खाल्ली. परंतु अमिगांत ८५२० एक नसून दोन असतात, दोन्ही अगदीं एकसारख्या, आणि दोन्ही सॉकेटांत बसविलेल्या. पहिलीच्या ज्या पायावर डावें बटण येतें, त्याच पायावर दुसरीकडे सीरियल पोर्टाची, म्हणजे मोडेम वगैरे जोडण्याच्या वाटेची, एक खूण येते. मोडेम आमच्या घरीं कधींच नव्हता. तेव्हां बहिऱ्या चिपला जेथें ऐकण्याचें काम नाहीं तेथें बसवावें आणि धडधाकट चिप बटणाकडे आणावी, हा सरळ मार्ग होता.

तो सरळ असला तरी हात थरथरलेच. नळाला हात लावून अंगांतील स्थिर वीज घालविली. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनें कधीं या टोंकाला, कधीं त्या टोंकाला केसभर उचलीत दोन्ही चिप्स काढल्या. दोहोंच्या मिळून ऐंशी पायांपैकीं एकहि वांकला नाहीं, याचें श्रेय आमच्या कौशल्याला नसून सूनबाईंनीं धरलेल्या दिव्याला आहे. चिपच्या एका टोंकाची खांच सॉकेटाच्या खांचेशीं जुळते ना, हें नातीनें दोन वेळां तपासलें. उलट बसविलेली चिप वीज देतांच मरते, आणि मग अदलाबदलीला कांहींच उरत नाहीं.

वीज दिली. डावें बटण दाबलें. फ्लॉपीचें चित्र उघडलें.

ज्यांस खोका उघडावयाचें धाडस नसेल त्यांच्यासाठीं एक युक्ति सांगतों, जी आम्हांस उशिरा आठवली. कळफलकावरील अमिगा-कळ व बाणाची कळ एकत्र दाबल्यास पडद्यावरचा बाण हलतो, आणि डावी अमिगा-कळ व डावी ऑल्ट-कळ एकत्र दाबणें म्हणजेच डावें बटण. माउस पार मेला असला तरी चित्रें पाहण्यापुरतें यानें भागतें. चित्रें काढतां मात्र येत नाहींत, हें आम्हीं करून पाहिलें.

पंधरापैकीं बारा फ्लॉप्या वाचतां आल्या. तिन्हींवर यंत्र कुरकुरतें आणि थांबतें. त्यांतील एकीवर वहिनींच्या अक्षरांत ‘दिवाळी १९९१’ असें लिहिलेलें आहे. भंगार-पक्षाचे पुढारी असलेले आमचे धाकटे बंधु ती फ्लॉपी सध्यां स्वतःच्या कपाटांत जपून ठेवून आहेत आणि फ्लॉपी-ड्राइव्हचें मुख कसें स्वच्छ करावें, याची चौकशी करीत आहेत.