ई-मेलचें दफ्तर : जतनाच्या चार रीती

जुनें पत्र हातीं आलें म्हणजे संशोधक मजकुराच्याही आधीं चार गोष्टी पाहतो : तें कोणीं लिहिलें, कोणास लिहिलें, केव्हां लिहिलें आणि केव्हां पोंचलें. मराठेशाहींतील पुष्कळ पत्रांवर चंद्र व महिना असतो, परंतु साल नसतें. तें ठरवितांना संपादकांची दमछाक होते. ज्यावर ‘पैवस्ती’ नोंदलेली असते तें पत्र निम्मे श्रम वांचवितें. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखालीं पेशवे दफ्तराचे ४५ भाग १९३० नंतर निघाले, ते रुमाल एके ठिकाणीं राखलेले होते म्हणूनच.

आज शाळा, पतसंस्था व कचेऱ्या यांचा पत्रव्यवहार ई-मेलनें चालतो. त्याचें दफ्तर कसें राखावें, हा प्रश्न आम्हां पारनेरकरांस परका नाहीं. महाराष्ट्राचा २००२ चा माहितीच्या अधिकाराचा अधिनियम ज्या चळवळीनें घडविला तिचें प्रमुख ठाणें याच तालुक्यांतील राळेगणसिद्धी होय. २००५ च्या केंद्रीय अधिनियमानें तर ‘माहिती’च्या व्याख्येंत ई-मेलचा नांवानिशीं समावेश केला. परंतु पत्रच सांपडलें नाहीं तर तें मागण्याचा अधिकार काय कामाचा ?

पहिली रीत, ई-मेल छापून फायलीस लावण्याची. ती परिचित आहे. यंत्रावांचून वाचतां येते. पण छापील प्रतींत पाठविल्याची वेळ, प्रती कोणाकोणास गेल्या हें आणि जोडपत्रें बहुधा गळतात. अमेरिकेंत १९९३ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासंबंधींच्या खटल्यांत अपील न्यायालयानें याच कारणास्तव केवळ छापील प्रती अपुऱ्या ठरविल्या. आम्हांस हें अनुभवानें कळलें. मुख्याध्यापक असतां मैदानालगतच्या जमिनीविषयीं आलेला ई-मेल आम्हीं छापिला. कागद वांचावा म्हणून वरचा मथळा गाळिला, सोबतचा नकाशा घेतला नाहीं. मूळ पत्र पुढें आमच्या खाजगी पेटींतून पुसलें गेलें. वाद निघाला तेव्हां मजकूर हातीं होता, पण तो कोणीं व कोणत्या दिवशीं कळविला हें सिद्ध होईना. शाळेस ती पट्टी सोडावी लागली. दोष सर्वस्वीं आमचा.

दुसरी रीत, कांहींच न पुसतां सर्व पेटींत राहूं देण्याची. हिला श्रम नाहींत. परंतु निमंत्रण व निर्णय एकाच ढिगांत पडतात, आणि पेटी व्यक्तीची असल्यास ती व्यक्ति गेली कीं किल्लीही जाते. तिसरी, प्रत्येक पत्र विषयवार लावण्याची. तत्त्वतः हीच उत्तम. पण ती कारकुनाच्या सवडीवर अवलंबून राहते, व सवड क्वचितच असते. चौथी, पदावरून निवड करण्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१३ सालीं हा मार्ग सुचविला : वरिष्ठांच्या पेट्या कायम, इतरांच्या ठराविक मुदतीपर्यंत. यांत श्रम थोडे. मात्र खालच्या लेखनिकाकडे आलेलें महत्त्वाचें पत्र मुदतीबरोबर नष्ट होतें.

आमच्या मतें लहान संस्थेनें तिसरी व चौथी यांचा मेळ घालावा. पेटी व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नांवें असावी. जमीन, पैसा, नेमणूक व ठराव यांची पत्रें जोडपत्रांसह मूळ रूपांत विषयवार ठेवावीं. उरलेल्यांस, सरकारी कचेऱ्यांतील अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणें, मुदत लावावी. नष्ट करण्यापूर्वीं यादी करावी. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचें ७ वें कलमही हेंच सांगतें : पत्राचा उगम, पोंचण्याचें ठिकाण, पाठविल्याची वा मिळाल्याची तारीख व वेळ हीं राहिलीं पाहिजेत. जुन्या कारकुनाची पैवस्ती ती हीच.