तिकिटाआधीचा पाठिंबा मोजायचा कसा? हरिहरेश्वरहून काही धडे

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचे विषय मी अधूनमधून वाचते. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘अमुक उमेदवाराला तळागाळातून असलेल्या पाठिंब्याचा अभ्यास.’ वाक्य ऐकायला छान वाटतं. पण त्यातले तीन शब्द तपासून बघा. ‘तळागाळ’ म्हणजे नेमके कोण? ‘पाठिंबा’ म्हणजे काय केलं की पाठिंबा? आणि ‘उमेदवार’ कधीपासून, अर्ज भरल्यापासून की इच्छुक म्हणून फ्लेक्स लागल्यापासून? या तिन्हींची उत्तरं नसतील तर प्रश्नावली छापायची घाई करू नका. मी ती घाई केली होती, म्हणून सांगते.

माझं पदव्युत्तर शिक्षण संख्याशास्त्रातलं. त्यामुळे सुरुवातीला वाटायचं, नमुना नीट घेतला की झालं. मग चाचणी सर्वेक्षणासाठी हरिहरेश्वरला गेले. श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव सावित्री नदीच्या मुखाशी आहे. काळभैरवाचं देऊळ, पर्यटक, सुपारीच्या वाड्या, कोळीवस्ती, आणि निम्मी घरं मुंबईच्या पगारावर चालणारी. तिथे जे शिकले ते टप्प्याटप्प्याने मांडते.

आधी हे बघा: निवडतो कोण?

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होते. विस्कॉन्सिन राज्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसा कायदा केला, आणि १९६८ नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठीही ही पद्धत निर्णायक झाली. आपल्याकडे असा कायदा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्षाला नोंदणी करावी लागते, पण उमेदवार कसा निवडावा हे तो कायदा सांगत नाही. इच्छुक मुलाखती देतात, निरीक्षक येऊन जातात, आणि शेवटी ज्याच्या हातात एबी फॉर्म तो उमेदवार.

राज्यशास्त्रात यावर बरंच लिखाण आहे. मायकेल गॅलघर आणि मायकेल मार्श यांनी १९८८ साली संपादित केलेल्या पुस्तकाच्या नावातच उमेदवारनिवडीला राजकारणाची ‘गुप्त बाग’ म्हटलंय. रूवेन हझान आणि गिडियन राहाट यांनी २०१० च्या पुस्तकात एक सोपी पट्टी दिली आहे. एका टोकाला एकटा नेता, मग छोटी समिती, मग पक्षाचे प्रतिनिधी, मग सर्व सदस्य, आणि दुसऱ्या टोकाला सगळे मतदार. या निवडणाऱ्या गटाला आपण ‘निवडमंडळ’ म्हणू. तुमच्या अभ्यासातलं निवडमंडळ या पट्टीवर कुठे बसतं, हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर यायला हवं.

महाराष्ट्रात हे एकदा झालंय

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवायचा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर इथे मतदान झालं. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांच्यावर मात केली, लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडून आले. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी, म्हणजे सामान्य मतदार नव्हेत. पट्टीच्या मधलं निवडमंडळ.

पुढे काय झालं? दोघेही लोकसभेला हरले. वर्ध्यात भाजपचे रामदास तडस दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले, लातुरात सुनील गायकवाड सुमारे अडीच लाखांनी. तिकडे बडोद्यात पक्षांतर्गत मतदानातून नरेंद्र रावत आले होते. नरेंद्र मोदी तिथून उभे राहणार हे कळल्यावर त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री आले. म्हणजे निवडमंडळाने निवडलेला उमेदवार वरून बदलताही येतो.

आता सांगा, वर्धा-लातूरवरून ‘कार्यकर्त्यांनी निवडलेला उमेदवार कमजोर असतो’ असा निष्कर्ष निघतो का? नाही निघत. त्या वर्षी महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली. नेत्यांनी थेट निवडलेले उमेदवारही धडाधड पडले. तुलना करायची तर विचारावं लागेल: याच मतदारसंघात, याच वर्षी, दुसऱ्या पद्धतीने दुसरा उमेदवार दिला असता तर किती मतं पडली असती? तो दुसरा उमेदवार आपल्याला कधीच दिसत नाही. मौखिक परीक्षेत मार्गदर्शक नेमकं इथेच पकडतात. दोन उदाहरणं, दोन्ही लाटेच्या वर्षातली, आणि प्रयोगासाठी मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. एवढ्यावर कारण-परिणाम सांगता येत नाही.

गर्दी, ओळख, पाठिंबा, मत: चार वेगळ्या गोष्टी

निरीक्षक आले की इच्छुक शक्तिप्रदर्शन करतात. गाड्या येतात, वडापाव वाटले जातात, घोषणा होतात. आपण डोकी मोजतो आणि त्याला पाठिंबा म्हणतो. पण गर्दीतून इच्छुकाची माणसं जमवायची क्षमता कळते. ती क्षमता खोटी नसते, फक्त ती पाठिंब्याहून वेगळी असते.

नावाची ओळख म्हणजेही पाठिंबा नव्हे. याचं उदाहरण रायगडमध्येच आहे. २०१४ साली इथे शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांच्याविरुद्ध २,११० मतांनी जिंकले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता, त्याला ९,८४९ मतं पडली. यातली किती चुकून पडली हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका. पण एवढं नक्की, की अटीतटीच्या लढतीत ‘नाव माहीत आहे’ आणि ‘हाच माणूस हवा आहे’ यातला फरक फरकाच्या मतांपेक्षा मोठा ठरू शकतो. २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो. तुमच्या प्रश्नावलीतही फोटो दाखवायचा की नुसतं नाव वाचायचं, हे आधी ठरवा. दोन्हींची उत्तरं सारखी येतीलच असं नाही.

छेद कुठला?

‘४० टक्के पाठिंबा’ म्हटलं की लगेच विचारायचं: कशाच्या ४० टक्के? हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी. पंधरा-वीस मिनिटांत जिल्हा बदलतो, रत्नागिरी लागतो. विधानसभा मतदारसंघ बदलतो, श्रीवर्धनचा दापोली होतो. लोकसभा मतदारसंघ मात्र रायगडच राहतो. त्यामुळे लोकसभेच्या इच्छुकाचा अभ्यास असेल तर नुसता रायगड जिल्हा घेऊन चालणार नाही, दापोली आणि गुहागरही घ्यावे लागतील.

आणि चाकरमानी? नाव गावच्या यादीत, माणूस नालासोपाऱ्यात किंवा दिव्यात. मी सर्वेक्षण केलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. घरी भेटले म्हातारे, बायका आणि शाळकरी मुलं. हेच गणपतीत किंवा शिमग्याला केलं असतं तर घर भरलेलं असतं. वर वाडीचं मुंबई मंडळ असतं, ज्याचा शब्द गावच्या बैठकीत जड असतो. गावात घरोघर फिरून तुम्ही तोच गट गाळता, ज्याचं मत निर्णायक असू शकतं.

ही चूक जुनी आहे. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं, आणि रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. नमुना प्रचंड होता, पण पत्ते आले होते वाचक, टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि उत्तर पाठवणारेही एका बाजूचे जास्त होते. आकडा मोठा केला म्हणून असा कल धुऊन निघत नाही.

चारशे माणसं म्हणजे चारशे नव्हेत

साधा हिशेब: यादृच्छिक नमुना ४०० चा असेल तर चूक साधारण १ भागिले वर्गमूळ ४००, म्हणजे अधिक-उणे ५ टक्के. पण आपण यादीतून एकेक माणूस उचलत नाही. २० वाड्या निवडतो आणि प्रत्येकीत २० जण विचारतो, कारण एसटी आणि पैसे दोन्ही मोजके असतात. एका वाडीतली माणसं एकमेकांसारखा विचार करतात. कोकणात तर ‘वाडीचं ठरलंय’ हे वाक्य तुम्ही ऐकालच.

हे सारखेपण ० ते १ या मापात धरतात. समजा ते ०.०५ आहे, म्हणजे फारच थोडं. मग फुगवटा = १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. तुमचे ४०० प्रत्यक्षात ४०० ÷ १.९५, म्हणजे सुमारे २०५ माणसांच्या किमतीचे. चूक ५ वरून ७ टक्क्यांच्या जवळ गेली. सारखेपण ०.२ असेल तर स्वतः करून बघा, उत्तर बघून धक्का बसेल. उपाय असा की वाड्या जास्त घ्या आणि प्रत्येक वाडीत माणसं कमी.

अंगणातलं उत्तर आणि बोटीवरचं उत्तर

एका अंगणात सुपारी सोलत बसलेल्या आजोबांना विचारलं, तिकीट कुणाला मिळावं? शेजारचे चार-पाच जण भोवती होते. आजोबा म्हणाले, “आमच्यात काय नाय, गावाचं ठरलंय.” नावही सांगितलं. दोन दिवसांनी तेच फेरीबोटीवर भेटले, बाजूला कुणी नव्हतं. स्वतःहून म्हणाले, “पोरी, त्या दिवशी लिवलंस ना, ते गावाचं होतं. माझं तू विचारलंसच कुठे?”

दोन्ही उत्तरं खरी आहेत, एक गावाचं आणि एक त्यांचं. माझ्या प्रश्नावलीत मात्र रकाना एकच होता. तिमूर कुरान यांनी १९९५ च्या पुस्तकात याची मांडणी केली आहे: समाजात बोलायची पसंती आणि मनातली पसंती वेगळी असू शकते, आणि दबाव असेल तिथे हा फरक वाढतो.

यावर एक तंत्र आहे, यादी-प्रयोग. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला चार साधी विधाने द्यायची आणि विचारायचं, यातली किती तुम्हाला लागू पडतात? कुठली ते सांगायचं नाही, फक्त आकडा. दुसऱ्या गटाला तीच चार आणि पाचवं नाजूक विधान: ‘गावाने ठरवलेल्यापेक्षा मला दुसरा उमेदवार हवा आहे.’ समजा पहिल्या गटाची सरासरी १.८ आली आणि दुसऱ्याची २.१. फरक ०.३, म्हणजे सुमारे ३० टक्के लोकांना पाचवं विधान लागू. एकाही माणसाचं उत्तर तुम्हाला कळलं नाही, तरी प्रमाण कळलं.

पण याची किंमत मोजावी लागते. दोन्ही गटांत २००-२०० माणसं आणि प्रमाण विचलन १ च्या आसपास असेल, तर ०.३ वरची चूक अधिक-उणे ०.२ येते. म्हणजे १० टक्के ते ५० टक्के, काहीही असू शकतं! गुप्तता मिळते, पण अचूकपणा जातो. म्हणून नमुना कितीतरी मोठा लागतो, हे बजेटमध्ये आधीच धरा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं

चाचणी संपल्यावर मला एक फोन आला. एका इच्छुकाचा माणूस होता, गोड बोलत होता. “मॅडम, फक्त एवढंच सांगा, अमक्या वाडीत आमचे किती आणि कोण फिरलंय?” मी नाही म्हटलं. पण फोन ठेवल्यावर वही उघडली आणि पोटात गोळा आला. नावं मी लिहिली नव्हती. पण ‘निवृत्त शिक्षक, वय ६०-६५, वाडीचं नाव’ असं लिहिलं होतं. तीस घरांच्या वाडीत असे किती असणार? वही कुणाच्या हाती लागली असती तर नळाच्या पाण्यापासून घरकुलाच्या यादीपर्यंत त्या माणसाला त्रास झाला असता, आणि मला प्रबंधात एक तक्ता मिळाला असता.

त्या रात्री वाडीची नावं काढून संकेतांक घातले, वयोगट मोठे केले, व्यवसायाचा रकाना पुसला. संकेतांकांची किल्ली आता वेगळ्या जागी कुलपात असते. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. नैतिकता समितीचा अर्ज आपण एक कागद म्हणून भरतो. तो खरं तर शेतावर निघायच्या आधीची तयारी आहे.

विषय महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं की गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर पक्षाने कारण जाहीर करावं, आणि नुसती ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. म्हणजे तिकीट कुणाला आणि का, हा प्रश्न आता पक्षाच्या बंद खोलीपुरता राहिलेला नाही. त्याचं उत्तर शोधायला चांगले अभ्यास हवेत.

तेव्हा प्रस्ताव लिहिण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा: निवडमंडळ कोणतं, पाठिंबा म्हणजे कोणती कृती, छेद कुठला, विचारताना भोवती कोण असणार, आणि वही हरवली तर कुणाचं नुकसान होणार. पाचवी ओळ लिहिता येत नसेल तर गावात जाऊ नका, आधी मार्गदर्शकांशी बोला. आजोबांना मी पुन्हा भेटायला जाणार आहे, या वेळी दोन रकाने घेऊन.