धूर कारखान्याचा, बार कामगाराचा

मानपाडा रोडने डोंबिवली एमआयडीसीत शिरलं की रसायनांचा उग्र दर्प नाकात भरतो. जिथे ज्वलनशील द्रावकं हाताळली जातात तिथे काडेपेटी गेटवरच ठेवावी लागते. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू मात्र कुठलाही वॉचमन अडवत नाही. अंगठ्याने रगडायची, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची, बार भरायचा. हात मशीनवर परत. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ अशी धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, धूम्रपान करणारे 3.8 टक्के. त्यामुळे नुसत्या ‘धूम्रपान सोडा’ फलकावर थांबणारा कारखाना बहुसंख्य व्यसनी कामगारांशी बोलतच नाही.

व्यसन ज्याच्या त्याच्या मनावर असतं, त्यात कंपनी काय करणार, असं म्हटलं जातं. याचं उत्तर ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका रासायनिक कारखान्यात मिळालं. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तिथल्या 104 कर्मचाऱ्यांची तोंडं तपासली. 48 जण तंबाखू वापरत होते. व्याख्यानं, गटचर्चा, गरज पडली तर औषधं, घरच्यांनाही सामील करून घेणं, असा हा कार्यक्रम होता. वर्षाअखेरीस तंबाखू सुटण्याचं प्रमाण 40 टक्के होतं. ‘सोडली’ या शब्दावर विसंबून न राहता लघवीतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात गेलेल्या निकोटिनची खूण, हेही तपासलं. हे 40 टक्के नुसत्या मनाच्या जोरावर आले असं मला वाटत नाही. पाठीशी वर्षभर कुणीतरी होतं.

तरी कामगाराचा सवाल रास्त आहे: माझ्या बाराची काळजी करता, मग या वाफांचं काय? बृहन्मुंबईतल्या 20 कारखान्यांत हीलिस सेखसरिया संस्था आणि अमेरिकेतल्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी 2012 पासून कामाच्या जागेची सुरक्षितता आणि तंबाखूमुक्ती एकत्र आणून पाहिली. सगळे कर्मचारी धरले तर फरक ठोस ठरला नाही, हे मान्य करायला हवं. पण उत्पादन विभागातल्या कामगारांत तीस दिवस तंबाखू सोडण्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. ज्यांच्या नाकात धूर जातो त्यांनीच प्रतिसाद दिला, याला माझ्या लेखी मोठं मोल आहे. मालकाने एक्झॉस्ट दुरुस्त केला, की त्याने तंबाखूबद्दल बोललेलं ऐकून घेतलं जातं.

खर्चाची तक्रार मला लंगडी वाटते, कारण व्याख्यान आणि तोंडाची तपासणी यांना मोठी यंत्रं लागत नाहीत. अशा कार्यक्रमांतून खरी गळती ठेकेदाराच्या माणसांपाशी होते. त्याच 40 टक्क्यांच्या कारखान्यात कंत्राटी कामगारही तंबाखू वापरत होते. डोंबिवलीत कार्यक्रम आखताना पहिली नावं ठेकेदाराच्या हजेरीपटावरून घ्यावीत, आणि तपासणी पगारी वेळेत, रात्रपाळीलाही ठेवावी.