दुयुंग नावाची गाय

सेम्बावांग (सिंगापूर) : बेटाच्या उत्तर टोकाला, मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यासमोर हे उपनगर वसलं आहे. ब्रिटिशांनी १९३८ मध्ये इथे भलामोठा नाविक तळ उघडला आणि गोदीला आपल्या राजाचं, सहाव्या जॉर्जचं नाव दिलं. उपनगर मात्र इथल्या एका झाडाच्या मलय नावानेच ओळखलं जातं. सिंगापूरचं हे वैशिष्ट्य आहे. व्यवहार बहुतांशी इंग्रजीतून चालतो, पण राष्ट्रभाषा मलय आणि राष्ट्रगीतही मलय.

समुद्रातल्या एका जिवाच्या बाबतीतही हेच घडलं.

सिंगापूर आणि जोहोर यांच्यामधल्या सामुद्रधुनीच्या उथळ पाण्यात समुद्रगवत वाढतं आणि ते चरायला येणाऱ्या सस्तन प्राण्याला मलय लोक 'दुयुंग' म्हणतात. बाकी बहुतेकांना त्याच्यात गाय दिसली. सिंगापूरची एक राजभाषा असलेल्या तमिळमध्ये तो 'कडल पसू', मराठीत समुद्रगाय, जर्मन आणि डच भाषांत 'झेकू', म्हणजे पुन्हा समुद्रगायच. पण युरोपीय दर्यावर्दी हे नाव जपून वापरत नसत. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांनी पाणघोड्यालाही झेकू म्हटलं, तर फ्रेंचांची 'वाश मारीन', शब्दशः समुद्री गाय, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा सुळेवाला वॉलरस. पॉरपॉइज या डॉल्फिनच्या चुलतभावाचं नाव लॅटिनमधल्या 'डुक्कर' आणि 'मासा' या दोन शब्दांपासून आलं. कोकणातल्या मच्छीमारांना असा गोठा समुद्रात न्यावा लागला नाही. त्यांचा डॉल्फिन 'गादा' आणि पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज 'भुल्गा'. रोजच्या शेजाऱ्याला असतात तशी ही सुटसुटीत नावं आहेत.

गाय नाही तर बाई. कोलंबसाने जानेवारी १४९३ मध्ये कॅरिबियन बेटांजवळ तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे. चित्रांत असतात तितक्या त्या सुंदर नव्हत्या, असंही त्यात म्हटलं आहे. त्या बहुधा दुयुंगच्या नात्यातल्या मॅनाटी असाव्यात. पोर्तुगीजांनी दुयुंगला 'पेइशे-मुल्येर', बाई-मासा केलं. जर्मन शास्त्रज्ञ इलिगरने १८११ मध्ये या प्राण्यांच्या गणाला ग्रीक पुराणातल्या सायरन या मोहिनींवरून सायरेनिया नाव दिलं. मलय लोककथाही यात मागे नाहीत. तिथे जलपरीला 'पुतेरी दुयुंग', दुयुंग राजकन्या म्हणतात आणि दुयुंगच्या अश्रूंनी वशीकरण होतं अशी जुनी समजूत आहे.

तरीही शेवटी टिकलं ते दुयुंगशी नातं सांगणारं आग्नेय आशियातलंच नाव. फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँने १७६५ मध्ये 'दुगाँ' असं लिहिलं, १७७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ म्यूलरने ते शास्त्रीय नावात घेतलं. सिंगापूरची वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सचं या प्राण्यावरचं टिपण १८२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलं, तेही डुगाँग याच नावाखाली. आज शास्त्रीय नाव 'डुगाँग डुगॉन' आहे, म्हणजे दोन्ही पदं आग्नेय आशियातलीच.

प्राण्याला मात्र तेवढी जागा उरली नाही. १९२४ मध्ये जोहोरला जोडणारा भराव-रस्ता औपचारिकपणे खुला झाला आणि सामुद्रधुनीतला आरपार प्रवाह तुटला. पुढे भर टाकून किनारे सरकवले गेले. पूर्वेकडच्या पुलाऊ उबिन बेटावरचं चेक जावा हे खाजणही त्याच वाटेवर होतं. नागरिकांनी आणि निसर्गअभ्यासकांनी तिथल्या जीवांच्या नोंदी करून सरकारपुढे ठेवल्या आणि २००१ च्या अखेरीस सरकारने भराव पुढे ढकलला. जमिनीच्या तुकड्यातुकड्यासाठी झगडणाऱ्या या देशात ही लहान गोष्ट नव्हती. ओहोटीला तिथल्या समुद्रगवतात दुयुंगने चरत काढलेले लांबट पट्टे त्यानंतरही सापडले आहेत.