लळा खरा, पण लस हवीच

भोसरी-चाकणहून रात्रपाळी करून परतणाऱ्याला गल्लीच्या तोंडाशी पहिला भेटतो वस्तीतला कुत्रा. त्याची माया खरी, की भाकरीपुरती? २०१५ साली जपानी संशोधकांना आढळले, की कुत्रा आणि मालक बराच वेळ एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई-बाळाचा लळाही यानेच घट्ट होतो.

म्हणून आम्ही म्हणतो, कुत्रा जरूर पाळा. पण त्याला दरवर्षी रेबीजची लस द्या. चावलाच तर हळद-चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, सगळे डोस पूर्ण करा.

कुत्र्याला हाकलतील या भीतीने मुले चावा लपवतात. आयांनो, रागावू नका, विचारा. लक्षणे दिसल्यावर रेबीजला इलाज नाही.